गरम झाली की सेल्फ उचलत नाही: जुन्या शेव्हेलचा स्टार्टर बदलण्याआधी हे तपासा

सकाळी गॅरेजमधून काढताना पहिल्या किल्लीला सुरू. दुपारी पेट्रोल भरायला थांबलो, आत जाऊन कॉफी घेतली, पंधरा मिनिटांनी येऊन किल्ली फिरवली तर ‘टक्’. एकदाच. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ उचलायचं नाव नाही. पाऊण तास बॉनेट उघडं टाकून सावलीत उभा राहिलो, परत किल्ली फिरवली, तर गाडी अशी सुरू झाली की मघाशी रुसली होती ती जणू दुसरीच कोणी.

जुनी अमेरिकन व्ही-८ बाळगणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. (इथे सगळे स्टार्टर म्हणतात, मी लहानपणापासून सेल्फ म्हणत आलोय, तेच लिहिणार.) माझी गाडी १९६९ ची शेव्हरोले (म्हणजे शेव्ही) शेव्हेल एसएस ३९६, ऑटोमॅटिक. राहायला मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला. मूळ सेल्फ काढून रीबिल्ट बसवला, तोच त्रास. रीबिल्ट काढून नवा छोटा गिअर-रिडक्शन सेल्फ बसवला. महिनाभर मजेत गेला, आणि वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या (वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या वार्षिक मेळ्याच्या) शनिवारी, ऑगस्टच्या उन्हात, रॉयल ओकमध्ये मागे गाड्यांची रांग लागलेली असताना पुन्हा ‘टक्’. बायको शेजारच्या सीटवरून म्हणाली, “या गाडीला उन्हाची ॲलर्जी आहे का रे?” त्या संध्याकाळी मल्टिमीटर हातात घेतला. पहिला सेल्फ काढण्याआधीच घेतला असता तर पैसेही वाचले असते आणि पाठही.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. सेल्फ बदलणं सगळ्यात शेवटी.

आधी आवाज ऐका

गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा, किल्ली फिरवा आणि भिंतीवरचा उजेड बघा. उजेड जराही हलला नाही आणि आवाज नाही, किंवा नुसती एक बारीक टक्, तर मोठा करंट मोटरपर्यंत जातच नाहीये. सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) त्याचं दार उघडत नाहीये. उजेड एकदम मिणमिणला तर करंट निघतोय, पण बॅटरी, जाड केबल किंवा मोटर यांच्यात कुठेतरी अडतोय. टकटकटकटक अशी घाई ऐकू आली तर बहुतेक बॅटरी उतरलेली किंवा अर्थ कच्चा. मोटर घूं करून मोकळीच फिरते आणि इंजिन ढिम्म, तर सेल्फमधला एकदिशा क्लच गेला. खर्रर्र झालं तर दाते. परत किल्ली फिरवू नका, खाली जाऊन बघा.

एक प्रकार मात्र हमखास फसवतो. गरम इंजिन सेल्फवर फिरतं, पण अडखळत, जणू आतून कोणी उलटा धक्का देतंय. माणूस सेल्फला शिव्या देतो आणि दोष असतो टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचा. या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त, ३९६ च्या साध्या ३२५ हॉर्सपॉवरवाल्या आवृत्तीलाही १०.२५:१. त्यात कोणी ताकद वाढवणारा कॅम टाकून सुरुवातीचं टायमिंग १६-१८ अंशांवर नेलं असेल, तर पिस्टन वर पोचायच्या आतच ठिणगी पडते आणि इंजिन सेल्फशी कुस्ती खेळतं. तपासायला एक मिनिट लागतं: इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरच्या वायरी काढून टेप लावा आणि गरम इंजिनावरच सेल्फ मारा. ठिणगीशिवाय इंजिन भराभर फिरलं तर सेल्फ निर्दोष, टायमिंग लाइट बाहेर काढा.

माझा त्रास पहिल्या प्रकारातला होता. उजेड हलत नव्हता.

गरम झाल्यावरच का?

या काळातल्या शेव्ही व्ही-८ गाड्यांना डेल्को-रेमीचा १०एमटी सेल्फ असतो. सोलेनॉइड मोटरच्या पाठीवरच बसवलेला, आणि दोन्ही मिळून इंजिनाच्या उजव्या बाजूला, मागे, खाली. नेमकं तिथूनच एक्झॉस्ट जातो. मूळ बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि मधे पत्र्याची ढाल असेपर्यंत ही जोडी बऱ्यापैकी नांदते. माझ्या आधीच्या मालकाने मॅनिफोल्डऐवजी हेडर (एक्झॉस्टच्या सुट्या नळ्या) बसवले आणि ढाल फेकून दिली. आता तापलेली नळी आणि सोलेनॉइड यांच्यात दोन बोटांचं अंतर.

गाडी चालू असताना निदान वारा लागतो. बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं इंजिनाखालची उष्णता उलट वाढत जाते. म्हणून बंद केल्या केल्या लगेच किल्ली फिरवली तर गाडी सुरू होते, आणि कॉफी पिऊन आलात की होत नाही.

आता सोलेनॉइडच्या आत काय होतं ते बघा, कारण सगळा घोळ तिथे आहे. आत तांब्याची दोन वेटोळी: एक दट्ट्या खेचून घेणारं, दुसरं धरून ठेवणारं. किल्ली फिरवली की दोन्ही मिळून क्षणभर ४० अँपिअरच्या आसपास ओढतात. दट्ट्या आत गेला, संपर्क जुळला की खेचणारं वेटोळं आपोआप बाद होतं. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवरून १२० वर गेलं की जवळपास ४० टक्के जास्त. म्हणजे तेवढ्याच व्होल्टला करंट सुमारे ७२ टक्के, आणि चुंबकाची ओढ ढोबळमानाने करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून ती जेमतेम निम्मी.

निम्मी ओढ खरं तर पुरते. निर्मात्यांना उष्णता ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? प्रश्न येतो तो त्या निम्म्याचं आणखी निम्मं झालं की. आणि ते होतं वायरीत.

सोलेनॉइडच्या एस टर्मिनलला (किल्लीची वीज येते ती खुंटी) जाणारी जांभळी वायर कुठून कुठून येते ते मोजून बघा. बॅटरीकडून फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) बल्कहेड कनेक्टरमधून आत, तिथून इग्निशन स्विचला (१९६९ पासून जी.एम.ने किल्ली डॅशबोर्डवरून स्टिअरिंग कॉलमवर नेली, त्यामुळे स्विचही कॉलमवर), मग न्यूट्रल सेफ्टी स्विच (गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ रोखणारा), पुन्हा बल्कहेड, आणि इंजिनाच्या मागून खाली. पन्नासहून जास्त वर्षांच्या पिना, प्रत्येक पिनेवर थोडा गंज. ४० अँपिअरला ०.१ ओहम म्हणजे ४ व्होल्ट गेले. रेडिओला, दिव्यांना हे कळतही नाही, कारण त्यांची भूक लहान.

वायरीचा एक हात लांब तुकडा

एकच चाचणी करणार असाल तर ही करा, आणि गाडी रुसलेली असतानाच करा. थंड झाल्यावर उपयोग नाही. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. कॉइलच्या वायरी काढलेल्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक जाड वायर थेट सेल्फच्या एस टर्मिनलला टेकवा. (खाली हात पोचत नसेल तर आधीच, इंजिन थंड असताना, एस वरून एक वायर वर आणून टोक टेपने बंद करून ठेवा. मी तेच केलं.) सेल्फने लगेच उसळी मारली तर तो शंभर टक्के ठीक आहे आणि दोष किल्लीकडून येणाऱ्या वायरीत. तरीही गप्प, तर सोलेनॉइड किंवा मोटर खरंच गेलेली.

सावध राहा: अशी वायर टेकवली की न्यूट्रल स्विच मधून बाद होतो. गाडी गिअरमध्ये असेल तर ती तुमच्या अंगावर येईल. स्क्रूड्रायव्हरने खालूनच एस आणि बॅटरीचा बोल्ट जोडणारे बहाद्दर मी पाहिलेत. गाडीखाली झोपून हे अजिबात करू नका.

माझ्या सेल्फने उसळी मारली. तिसऱ्याने. म्हणजे पहिले दोनही बहुधा निर्दोष होते.

मग मीटरने आकडे घेतले. बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि सेल्फ फिरत असताना १० च्या खाली जायला नको. त्यानंतर व्होल्टेज ड्रॉप, हाच खरा कामाचा आकडा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर), दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, आणि मदतनीसाला किल्ली फिरवायला सांगायची. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. तसंच निगेटिव्ह खुंटी ते सेल्फची बॉडी: ०.३ च्या आत. शेवटी एस टर्मिनल ते बॉडी, किल्ली फिरवून.

माझे आकडे: पॉझिटिव्ह ०.४, चालेल. अर्थ ०.९, वाईट. एस वर गरम असताना ७.८. साडेअकराच्या जागी ७.८ म्हणजे ओढ निम्म्याहून कमी, आणि उष्णतेने आधीच निम्मी केलेली. पावाचाही तुकडा उरला नाही.

अर्थच्या ०.९ चं कारण कळलं तेव्हा हसू आलं. आधीच्या मालकाने चासी काढून सुंदर पावडर कोट करून घेतली होती आणि अर्थची पट्टी त्या चकचकीत रंगावरच आवळली होती. जितकी गाडी देखणी तितका अर्थ कच्चा, हे रिस्टोअर केलेल्या गाड्यांत मी नंतर दोनदा पाहिलं.

दुरुस्ती: सेल्फला हात न लावता

बॅटरीची निगेटिव्ह केबल थेट इंजिन ब्लॉकवर आणली, थिंबलखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड काढलं, वरून ग्रीस. ब्लॉक ते चासी आणि सिलिंडर हेड ते फायरवॉल अशा दोन विणलेल्या पट्ट्या नव्या. केबल बॅटरी पुढे असेल तर २ गेजची पुरते. डिकीत असेल तर १/० घ्या. आणि विकत घेताना कापलेलं टोक बघा. स्वस्त केबलची जाडी बऱ्याचदा प्लास्टिकचीच असते.

एस साठी रिले टाकला, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. जुनी जांभळी वायर सेल्फवरून काढून रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेला, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीवरून १० गेजची वायर फ्यूजसकट, ८७ पासून तशीच जाड वायर एस ला. जुन्या वायरीला आता फक्त रिले उचलायचा, त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. किल्ली आणि न्यूट्रल स्विच होते तसेच काम करतात. रिले किमान ४० अँपिअरचा घ्या, ३० चा काठावर पडतो. तो फायरवॉलवर, उन्हा-पाण्यापासून दूर. एवढं केल्यावर एस वर ११.३ व्होल्ट.

बरेच लोक रिलेऐवजी फोर्डसारखा सोलेनॉइड मडगार्डच्या आतल्या बाजूला बसवतात आणि सेल्फवरचे एस व बॅटरी टर्मिनल पट्टीने जोडून टाकतात. जुन्या १०एमटीला हा उपाय चालतो. पण नव्या छोट्या सेल्फमध्ये कायमचे चुंबक असतील तर ती पट्टी नको. किल्ली सोडल्यावर मोटर फिरता फिरता स्वतःच वीज तयार करते, ती पट्टीतून एस ला मिळते, आणि पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) क्षणभर इंजिनाच्या फ्लायव्हीलला चिकटून राहतं. इंजिन तोवर सुरू झालेलं. आवाज ऐकून पोटात गोळा येतो. फोर्डचाच सोलेनॉइड वापरायचा तर तो फक्त एस ला वीज देण्यासाठी, रिलेसारखा वापरा.

आता सेल्फ

वायरिंग सुधारल्यावर नवा सेल्फ हवाच का? मॅनिफोल्ड मूळचे, ढाल जागेवर, गाडी प्रदर्शनात न्यायची असेल तर नको. हेडर असतील, कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल तर मी हो म्हणेन.

गिअर-रिडक्शन म्हणजे लहान मोटर जोरात फिरते आणि मधल्या गिअरमुळे तिचा जोर पिनियनवर पावणेचार ते साडेचार पट होतो. वजन जुन्याच्या जवळपास निम्मं, आणि उताणं झोपून एका हाताने सेल्फ वर धरून दुसऱ्या हाताने बोल्ट शोधलेला माणूसच या निम्म्याची किंमत जाणतो. कल्पना नवी नाही. क्रायस्लरने १९६२ पासून ३.५:१ गिअरचा सेल्फ दिला होता, ज्याच्या किणकिणत्या आवाजावरून त्याला ‘हायलँड पार्क हमिंगबर्ड’ नाव पडलं. क्रायस्लरचं मुख्यालय तेव्हा हायलँड पार्कला, म्हणजे याच वुडवर्डवर आणखी दक्षिणेला. आम्हा शेव्हीवाल्यांना हे कबूल करायला जरा जड जातं.

घेताना पहिला प्रश्न फ्लायव्हीलच्या दात्यांचा. शेव्ही व्ही-८ मध्ये १५३ दात्यांचा लहान किंवा १६८ दात्यांचा मोठा. लहान असेल तर सेल्फचे दोन बोल्ट एका सरळ रेषेत, मोठा असेल तर तिरपे. काही ब्लॉकना दोन्ही भोकं असतात, म्हणून ब्लॉक बघून ठरवू नका. खालचं झाकण काढून दाते मोजा. दुसरं म्हणजे सोलेनॉइड फिरवून बसवता येईल असा माउंटिंग ब्लॉक आहे का ते. मी तो हेडरपासून दूर, ऑइल पॅनच्या बाजूला वळवला.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. जुन्या सोलेनॉइडवर आर नावाचं टर्मिनल असतं. पॉइंट्सच्या इग्निशनमध्ये कॉइलला एरवी रोधाच्या वायरीतून कमी व्होल्ट मिळतात, आणि सेल्फ मारताना मात्र आर वरून पिवळ्या वायरीने पूर्ण बॅटरी. छोट्या सेल्फवर अनेकदा आर नसतं. मग पिवळी वायर लोंबकळत राहते आणि गाडी सेल्फवर असताना पेटत नाही, किल्ली सोडल्याबरोबर पेटते. हे लक्षण दिसलं की कार्ब्युरेटर उघडू नका. पिवळी वायर एस ला जोडा, पण मधे डायोड (वीज एकाच दिशेला सोडणारा) घालून, डायोडवरचा पट्टा कॉइलच्या बाजूला. सरळ पिळून जोडली तर किल्ली सोडल्यावर कॉइलकडची वीज उलटी सोलेनॉइडला जाते. एचईआय (जी.एम.चा इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाला) डिस्ट्रिब्युटर बसवलेला असेल तर पिवळीची गरजच नाही. टोक बंद करून बांधून ठेवा.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा; सेल्फवरचा मोठा बोल्ट कायम जिवंत असतो. अंगठी, घड्याळही काढा. गाडी जॅकवर नव्हे, घोड्यांवर (जॅक स्टँडवर). बोल्ट सेल्फसोबत येतात तेच, गळ्याशी खवले असलेले. माझ्या गाडीत कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घातला होता, तो गळ्याशी बारीक, म्हणून सेल्फ दर वेळी केसभर सरकायचा. ३० ते ३५ फूट-पाउंड, टॉर्क रेंचने. मागच्या टोकाला ब्लॉकशी जोडणारी आधारपट्टी असेल तर ती परत लावायलाच हवी; तिच्याशिवाय सगळं वजन नाकावर येतं आणि ब्लॉकचा कान तुटतो.

मग पिनियन आणि फ्लायव्हील यांच्यातली फट. पिनियन स्क्रूड्रायव्हरने पुढे ओढा आणि त्याच्या दात्याचं टोक व समोरच्या दोन दात्यांमधली खाच यांत मोजा: ०.०२० ते ०.०३५ इंच, म्हणजे अर्धा ते नऊ दशांश मिलिमीटर. सरळ केलेली साधी यू-पिन जेमतेम शिरली की झालं. विश्रांतीत असताना पिनियन फ्लायव्हीलपासून दीड ते तीन मिलिमीटर लांब हवा.

फट चुकली की गाडी स्वतःच सांगते. सेल्फ फिरत असताना, इंजिन पेटायच्या आधीच बारीक किंचाळी येत असेल तर फट जास्त, सेल्फ आणि ब्लॉकमधली पत्री (शिम) काढा. इंजिन पेटल्यावर, किल्ली सोडताना किंचाळी येत असेल तर फट कमी, पत्री घाला. या दोन वाक्यांत मी एक अख्खा रविवार घालवलाय, कारण मी ती उलटी लक्षात ठेवली होती.

चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ दिला तेव्हा त्याची युक्तीच ही होती की मोटर लहान ठेवायची आणि तिच्याकडून क्षणभरच बेसुमार काम घ्यायचं. सेल्फ आजही तसाच आहे. सलग ३० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि मग दोन मिनिटं थांबा. जुना सेल्फ अडला की त्यावर पान्याने ठोकायची सवय असेल तर तीही सोडा. जुन्यात अडकलेले कार्बन सुटायचे, नव्यात चुंबकाला तडा जातो.

हेडरवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी का, असं सगळे विचारतात. मी गुंडाळली नाही. ती ओल धरते आणि मिशिगनमध्ये साधं पोलाद त्याखाली कुजतं. सोलेनॉइडभोवती पत्र्याची ढाल परत लावली, पुरली.

त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये वुडवर्डवर मुद्दाम पाच ठिकाणी थांबलो, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, सगळ्यात वाईट वेळ साधून. पाचही वेळा पहिल्या किल्लीला सुरू. आणि घरी आल्यावर फळीवरचा तो मूळचा १०एमटी शिकंज्यात धरून बॅटरी लावून पाहिला. टणकन उडी मारून फिरला. पुसून, कापडात गुंडाळून परत ठेवलाय.